जुन्या ८००ची रेस कार करताना: आतल्या पॅनलचं फिनिशिंग नक्की कशासाठी असतं?

आधी माझी चूक सांगतो. लेख त्या चुकीपासूनच सुरू होतो.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका शेडमध्ये आम्ही तिघं मिळून जुनी मारुती ८०० ऑटोक्रॉससाठी तयार करत होतो. ऑटोक्रॉस म्हणजे आखून दिलेल्या ट्रॅकवर एका वेळी एक गाडी, आणि स्पर्धा घड्याळाशी. इंजिन, सस्पेन्शन, रोल केज हे सगळं झालं होतं. राहिली होती आतली पॅनल: दारांच्या आतली बाजू, डॅशबोर्ड, मागची सीट काढल्यावर उघडी पडलेली जागा. पैसे संपत आले होते. मग मी एका बोर्डवाल्याकडून एसीपीचे तुकडे आणले. दुकानांच्या पाट्यांना लावतात ना, तीच गुळगुळीत चकचकीत शीट. फुकटात मिळाली, कटरने सुरेख कापली गेली, आणि दोन दिवसांत चारही दारं शोरूममधल्यासारखी दिसायला लागली. मी फोटो काढून स्टेटसलाही टाकले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमधले पत्र्याचं काम करणारे मिस्त्री आले. पॅनलवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "पोरा, ह्यो पत्रा न्हवं. ह्यात मधी प्लॅस्टिक हाय. एक तुकडा बाहीर नेऊन पेटवून बघ."

आम्ही शेडच्या बाहेर मोकळ्या जागेत, बादलीभर वाळू शेजारी ठेवून, तुकड्याच्या कडेला गॅसची ज्योत लावली. थोड्या वेळातच मधलं प्लॅस्टिक वितळलं आणि पेटलेले थेंब टप टप खाली पडायला लागले. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला वास. ज्योत बाजूला घेतली तरी तुकडा जळतच राहिला. (तुम्ही हे घरात किंवा गच्चीवर करून बघू नका.)

ही गाडी चालवणार होती माझी मामेबहीण. हेल्मेट घालून, पट्ट्यांनी सीटला घट्ट बांधलेली, आणि दोन्ही बाजूंना ते पॅनल. त्याच संध्याकाळी चारही पॅनल उतरवली.

त्यानंतर जे शिकलो ते या लेखात आहे. थोडक्यात सांगायचं तर रेस कारच्या आतलं फिनिशिंग दिसण्यासाठी नसतं. वाईट दिवशी ते पॅनल काय करेल, यावर ते चांगलं की वाईट ठरतं.

आतलं सगळं काढलं, मग परत पॅनल कशाला?

रेस कारमधून कार्पेट, सीट, प्लॅस्टिक ट्रिम, छताचं कापड आणि तळाला चिकटवलेली डांबरी शीट काढतात. कारण दोन. एक, वजन. दुसरं, यातलं बरंचसं जळतं. साध्या गाडीच्या आतल्या मटेरियलसाठी अमेरिकेत एफएमव्हीएसएस ३०२ नावाचं मानक आहे. त्यानुसार चाचणीत ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. नीट वाचलंत तर लक्षात येईल की मटेरियलने जळूच नये असं ते म्हणत नाही, सावकाश जळावं एवढंच म्हणतं.

पण ट्रिम काढली की आतलं दार उघडं पडतं. तिथे काय असतं? मशीनने कापलेल्या पत्र्याची मोठी भोकं, त्यांच्या धारदार कडा, काच वरखाली करणारी यंत्रणा, लॉकच्या सळ्या, वायरी. गाडी वळणात कलली की कोपर आणि गुडघा नेमके तिथेच आपटतात. म्हणून पॅनल परत लावायचं. त्याची कामं चार:

१. हातापायांना धारदार आणि हलणाऱ्या भागांपासून दूर ठेवणं.
२. बाहेरून येणारे दगड, चिखल, पाणी अडवणं.
३. इंजिन आणि पेट्रोलच्या बाजूची आग, गरम तेल काही क्षण तरी आत येऊ न देणं.
४. ड्रायव्हरला बाहेर पडताना कुठेही अडकू न देणं.

"छान दिसणं" हे या यादीत नाही. पण गंमत म्हणजे ही चार कामं नीट केली की पॅनल आपोआप छान दिसतं.

नियम काय म्हणतात?

जागतिक मोटरस्पोर्टची संस्था एफआयए हिच्या नियमावलीत 'अपेंडिक्स जे' नावाचा भाग आहे. प्रॉडक्शन गाड्यांपासून बनवलेल्या रेस कारच्या दारांबद्दल त्यात अगदी साधे आकडे दिले आहेत. दाराची मूळ रचना आणि आतले मजबुतीचे बार तसेच ठेवले असतील, तर पॅनल धातूच्या पत्र्याचं असेल तर किमान ०.५ मिमी, कार्बन फायबरचं असेल तर किमान १ मिमी, आणि दुसऱ्या कुठल्या घन, न जळणाऱ्या मटेरियलचं असेल तर किमान २ मिमी जाड हवं.

यातला 'न जळणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. माझं ३ मिमीचं एसीपी जाडीत पास झालं असतं, पण या शब्दावर नापास.

एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक स्पर्धेचं आणि प्रत्येक क्लासचं नियमपुस्तक वेगळं असतं. काही क्लासमध्ये कंपनीची ट्रिम काढायलाच बंदी असते. पत्रा आणण्याआधी तुमच्या स्पर्धेचं पुस्तक वाचा. आणि अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे फेरफार करण्यावर बंधनं आहेत. आमची ८०० ट्रॅकवर जाते ती दुसऱ्या गाडीवर लादून.

कोणता पत्रा घ्यायचा? थोडं गणित

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मध्ये भरणी. स्वस्त शीटमध्ये ही भरणी पॉलिथिलीनची असते. लंडनमध्ये २०१७ साली ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जणांचा जीव गेला, तिथे इमारतीवर बाहेरून लावलेलं क्लॅडिंग याच जातीचं होतं. आग विरोधक भरणीचं एसीपी मिळतं, पण बोर्डवाल्याकडच्या उरलेल्या तुकड्यात कोणती भरणी आहे हे बघून ओळखता येत नाही. सनबोर्ड, फ्लेक्स, प्लायवूड यांनाही याच कारणासाठी नमस्कार करायचा.

"पण ते हलकं असतं ना?" मलाही हेच वाटायचं. हिशोब करू. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम. म्हणजे १ मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा २.७ किलो. ३ मिमी एसीपीत दोन्ही पापुद्रे पाव पाव मिमीचे धरले, तर पापुद्र्यांचे १.३५ किलो आणि मधल्या अडीच मिमी प्लॅस्टिकचे साधारण २.३ किलो. एकूण साडेतीन किलोच्या वर. म्हणजे जळणारंही तेच आणि जडही तेच!

आता लोखंडी पत्रा की ॲल्युमिनियम? सपाट पत्र्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. ॲल्युमिनियम मुळात स्टीलच्या साधारण एक तृतीयांश कडक, पण ते थोडं जाड घेतलं की ही उणीव भरून निघते. १ मिमी ॲल्युमिनियम आणि ०.७ मिमी स्टील हे वाकण्याच्या बाबतीत जवळपास सारखे. वजन मात्र बघा:

• १ मिमी ॲल्युमिनियम: चौरस मीटरला २.७ किलो
• ०.७ मिमी स्टील: चौरस मीटरला ५.५ किलो

तेवढाच कडकपणा निम्म्या वजनात. आमच्या चारही दारांना मिळून साधारण दीड चौरस मीटर पत्रा लागला, म्हणजे ४ किलो.

पण एक अपवाद. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पेट्रोलची आग त्याच्या पुढे जाऊ शकते. म्हणून इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, आणि पेट्रोलच्या टाकीकडच्या बाजूला भोकं बुजवायची असतील तर तिथे स्टीलचाच पत्रा. दारांना ॲल्युमिनियम, आगीच्या बाजूला स्टील.

दुकानात मागताना गेज नका सांगू, मिलिमीटर सांगा. '२० गेज' ब्रिटिश मापाने ०.९१ मिमी आणि अमेरिकन मापाने ०.८१ मिमी होतो. ॲल्युमिनियम किलोवर विकतात, त्यामुळे आधीच हिशोब करून जा: १ मिमीची ८ बाय ४ फुटी अख्खी शीट साधारण ८ किलो भरते. आणि पत्रा वाकवायचा असेल तर ५०५२ सारखा वाकणारा प्रकार मागा. ६०६१-टी६ हा मजबूत असतो, पण काटकोनात टोकदार वाकवायला गेलं की वाकवलेल्या जागी तडकतो.

पुठ्ठा, पेन्सिल आणि तुमचा फोन

पत्र्यावर थेट आखायचं नाही. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दाराला लावायचा, कापायचा, चुकला तर चिकटपट्टीने तुकडा जोडायचा, परत कापायचा. पुठ्ठा दारावर शंभर टक्के बसला की मगच पत्र्याला हात लावायचा. पुठ्ठा चुकला तर काही जात नाही, पत्रा चुकला तर किलोच्या भावाने भंगारात जातो.

फोन इथे तीन ठिकाणी कामाला येतो.

पहिलं, टेम्प्लेटची नोंद. पुठ्ठा जमिनीवर सपाट ठेवा, शेजारी एक स्टीलची पट्टी आडवी आणि एक उभी ठेवा, आणि शक्य तेवढ्या उंचावरून, २ एक्स झूमवर, बरोबर वरून फोटो घ्या. ०.५ एक्सची वाइड लेन्स वापरू नका. ती कडेच्या सरळ रेषा वाकवते आणि कोपरे ताणते. दोन्ही पट्ट्यांवरचे सेंटिमीटर फोटोत सारखे दिसले तर फोटो वाकडा नाही असं समजा. उद्या पॅनल चेपलं तर याच फोटोवरून नवीन आखता येतं. आणि हो, कॅमेऱ्याने माप घेणाऱ्या ॲपवर विसंबून पत्रा कापू नका. ती ॲप पलंग दारातून जाईल का हे सांगायला ठीक आहेत. इथे आपल्याला मिलिमीटर हवाय.

दुसरं, आतल्या वायरिंगचा फोटो. पॅनल बंद करण्याआधी दाराच्या आतला फोटो मोजपट्टी लावून काढा. सहा महिन्यांनी एखादं नवीन भोक पाडताना मागे वायर आहे का, हे फोटो सांगतो.

तिसरं काम टॉर्चचं. ते शेवटी येतं.

कापणं सोपं, कडा अवघड

१ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा हातकात्रीने कापला जातो. जिगसॉ वापरलात तर बारीक दात्यांचं ब्लेड घ्या, पत्र्यावर मास्किंग टेप लावा म्हणजे ओरखडे येत नाहीत, आणि ब्लेडला थोडं रॉकेल लावा. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे ते दात्यांत चिकटतं. याच कारणाने लोखंडाची ग्राइंडिंग डिस्क ॲल्युमिनियमवर लावायची नाही. डिस्कचे कण धातूने भरतात, ती तापते आणि फुटू शकते. हातमोजे, चष्मा विसरू नका.

खरं फिनिशिंग इथून सुरू होतं. ताज्या कापलेल्या कडेवर बारीक करवतीसारखी धार असते, तिला बर म्हणतात. डोळ्यांना ती दिसत नाही, पण हात सरकला की कातडं सोलते. आधी कानस मारायची, मग पॉलिश पेपर. झालं असं वाटलं की कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. एक धागा जरी अडकला तरी तिथे परत कानस. भोकांच्या कडांनाही हेच. मिस्त्रींनी मला एकच वाक्य ऐकवलं: "कड हातानं बघायची नसती, कापसानं बघायची."

जिथे शरीर लागू शकतं तिथे नुसती घासलेली कडही पुरेशी नाही. अशा कडा आम्ही १० मिमी मागे दुमडल्या. डब्याच्या झाकणाची कड दुमडलेली असते ना, तसंच. दुमडता आली नाही तिथे यू आकाराची रबर बीडिंग दाबून बसवली.

पत्रा 'डबडब' का वाजतो?

पॅनल बसवलं, इंजिन चालू केलं आणि दारातून तेलाच्या डब्यासारखा आवाज सुरू झाला. मोठा सपाट पत्रा मधोमध ढिला असतो. थोड्याशा थरथरीने तो आत बाहेर उड्या मारतो.

जाड पत्रा घेणं हा यावरचा उपाय नाही. पत्र्याला घडी द्यायची. एक साधा कागद हातात आडवा धरा, तो लटकतो. त्याला मध्ये एक घडी घाला, तो सरळ उभा राहतो. वजन तेच, कडकपणा कितीतरी जास्त. पॅनलला कडेने वाकवलेली पट्टी दिली, किंवा मध्ये उथळ पन्हाळी काढली, तर आवाज बंद.

आमच्याकडे वाकवायचं मशीन नव्हतं. दोन लोखंडी अँगलच्या मध्ये पत्रा धरला, दोन्ही टोकांना सी क्लॅम्प आवळले आणि लाकडी हातोड्याने थोडं थोडं करत वाकवला. एकाच जागी जोरात मारला तर पत्रा ताणला जातो आणि कड लाटांसारखी होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके हलके ठोकत चार-पाच फेऱ्या मारायच्या.

पॅनल आणि दाराच्या मध्ये पातळ फोम टेप लावली की उरलेली खडखडही जाते. टेप कुठेही एक्झॉस्टच्या गरम भागाजवळ येत नाही ना, तेवढं बघा.

बसवताना झालेली दुसरी चूक

पुढच्या दारांच्या काचा आम्ही तशाच ठेवल्या होत्या. पॅनल साध्या टोकदार स्क्रूने बसवलं, खूश झालो आणि काच खाली केली. कर्रर्र! एक स्क्रू गरजेपेक्षा लांब होता, त्याचं टोक आत जाऊन काचेवर रेघ ओढत होतं. काचेच्या जागी पेट्रोलची नळी किंवा वायर असती तर?

तेव्हापासून नियम केला: टोकदार स्क्रू गाडीत कुठेच नाही.

• जे पॅनल कधीच उघडायचं नाही तिथे पॉप रिव्हेट. ४ मिमीच्या रिव्हेटला ४.१ मिमीचं भोक. रिव्हेट मारल्यावर तुटलेले खिळे दारात पडतात आणि नंतर खुळखुळतात. ते स्टीलचे असतील तर लोहचुंबकाने गोळा करा.
• जे उघडावं लागेल तिथे रिव्हनट आणि चपट्या डोक्याचा एम५ बोल्ट. बोल्टची लांबी मोजूनच.
• रोल केजच्या पाइपला पॅनलसाठी भोक पाडायचं नाही. कधीच नाही. तो पाइप गाडी उलटली तर जीव वाचवण्यासाठी आहे, आणि भोक पडलं की तिथूनच तो दुबळा होतो. पॅनल त्याच्याजवळ धरायचंच असेल तर बाहेरून आवळणारी क्लिप वापरा.

आणखी दोन गोष्टी. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातच असतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं पॅनल लावताना किंवा रंगाने बुजवू नका. आणि ॲल्युमिनियम व उघडं लोखंड एकमेकांना टेकलं, त्यात ओलावा आला, की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत हे लवकर होतं. म्हणून दाराच्या पत्र्यावर जिथे रंग उडालाय तिथे आधी रंग, मध्ये टेप आणि मग पॅनल.

रंग: वर काळा, खाली फिकट

ॲल्युमिनियमवर रंग का टिकत नाही? कारण हवेत त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि रंगाला पकड मिळत नाही. आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग ॲसिटोनने पुसायचं, बोटं न लावता एच प्रायमर मारायचा आणि मग रंग. यातली एक पायरी गाळली तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे निघतात.

डॅशबोर्डचा वरचा भाग मॅट काळा. यात स्टाइलचा प्रश्न नाही. चकचकीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत दिसतं. मॅट पृष्ठभाग तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो. फोनला मॅट स्क्रीन गार्ड लावल्यावर उन्हात ट्यूबलाइटसारखी चमक जाते, तोच हा प्रकार. संध्याकाळी सूर्य समोर असताना याचा फरक कळतो.

बाकी आतला भाग मात्र फिकट करडा किंवा पांढरा. अनेक रेस कार आतून फिकट रंगाच्या असतात, कारण फिकट रंगावर तेलाचा ओघळ, बारीक तडा, खाली पडलेला नट लगेच दिसतो. काळ्यात सगळं लपतं.

रंगाचे पैसे नसतील तर? खिडकीच्या रेषेखालच्या पॅनलला आम्ही रंग दिलाच नाही. भांडी घासायची हिरवी घासणी घेतली आणि एकाच दिशेने, न थांबता, सरळ रेघा ओढल्या. गोल गोल घासलं तर घाण दिसतं, एकाच दिशेने घासलं तर ब्रश केलेल्या महागड्या लॅपटॉपसारखं दिसतं. कार्बन फायबरचं डिझाइन असलेली चिकटफिल्म मात्र लावली नाही. पुन्हा प्लॅस्टिकच की ते!

फोनची टॉर्च आणि अंधार

सगळं बसवून झाल्यावर ही चाचणी नक्की करा. रात्री शेडचे दिवे बंद करा. एकाने फोनची टॉर्च बॉनेटखाली धरून फायरवॉलवर हळूहळू फिरवायची, दुसऱ्याने आत बसून बघायचं. जिथे ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करायची. मग मागे टाकीच्या बाजूने तेच.

आम्हाला वाटलं होतं दोन-तीन ठिपके दिसतील. आत बसलेला मित्र मोजायचं थांबला. जुन्या हीटरचे पाइप, काढलेल्या वायरींची भोकं, मागच्या सीटचे बोल्ट, पट्ट्यांचे बोल्ट. मूळ गाडीत ही सगळी जागा कशाने ना कशाने बंद होती. आपणच वजन कमी करण्याच्या नादात ती उघडी केली होती. प्रकाश येतो तिथून धूर येतो, आणि गरम तेलही.

वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासून उघडीही पडत नाही. रिकाम्या भोकावर स्टीलची चकती रिव्हेट करायची आणि कडेने सीलंट. पेट्रोलच्या बाजूला साधं सिलिकॉन चालत नाही, ते पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं. तिथे इंधनाला टिकणारं सीलंट मागून घ्या. प्रकाश सरळ रेषेत जातो, वळणाच्या फटीतून तो दिसणार नाही. म्हणून नंतर बाहेरून पाणी ओतून आत कोरडा कागद ठेवून बघायचं.

बजेटमध्ये काय मोजायचं नाही

अमेरिकेत २००६ पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची रेस होते. ५०० डॉलरच्या भंगार गाड्या, त्यांना चित्रविचित्र सजावट, सगळा विनोदी कारभार. पण त्या ५०० डॉलरमध्ये रोल केज, सीट, पट्टे, आग विझवायची यंत्रणा यांचा खर्च धरत नाहीत. जिथे गाडीची चेष्टा चालते, तिथेही सुरक्षेच्या सामानाची चेष्टा चालत नाही.

आम्हीही मग वही दोन भागांत फाडली. एका बाजूला गाडीचा खर्च, तिथे काटकसर. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरचा खर्च, तिथे भाव विचारायचा पण वस्तू गाळायची नाही. पॅनल मी आधी पहिल्या पानावर लिहिलं होतं. खोडून दुसऱ्या पानावर घेतलं.

शेवटची तपासणी

पॅनल तयार झाल्यावर बहिणीला पूर्ण कपडे, हातमोजे, हेल्मेट घालून बसवलं, पट्टे आवळले आणि सांगितलं, डोळे मीट आणि बाहेर ये. पट्टे सुटले, पण दार उघडेना. मी आतल्या हँडलभोवती ठेवलेलं भोक उघड्या हाताच्या मापाचं होतं. हातमोजा घातलेली बोटं त्यात जातच नव्हती.

हेल्मेट काढून ती म्हणाली, "दादा, पॅनल भारी झालंय. पण मी आत राहिले ना!"

ते भोक मोठं केलं, कड पुन्हा दुमडली, हँडलला लाल रंगाचा कापडी पट्टा बांधला. मग दहा वेळा, डोळे मिटून, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. दहाव्या वेळी तिचा हात न शोधता पट्ट्यावर गेला.

स्पर्धेच्या सकाळी स्क्रुटिनीला, म्हणजे गाडी तपासायला, अधिकारी आले. त्यांनी पॅनलच्या रंगाकडे पाहिलंही नाही. दार उघडलं, तळहात आतल्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, लाल पट्टा एकदा ओढून बघितला, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

तुम्ही रेस कार बनवा किंवा नका बनवू. पण पुढच्या वेळी कुठल्याही 'भारी फिनिशिंग'चा फोटो पाहिलात, तर एवढंच विचारा: याची कड हाताला लागते का, हे जळतं का, आणि आतल्या माणसाला बाहेर येता येतं का?